रॉड्रिग्जहून पोर्ट लुई: शेवटचे ३४० मैल

हिंद महासागर ओलांडून मॉरिशसला येणाऱ्या शिडाच्या बोटी बहुधा मॉरिशसच्या पूर्वेच्या रॉड्रिग्ज बेटावर थांबतात. तिथून मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई सुमारे ३४० सागरी मैल. वारा आग्नेयेचा, बोट पश्चिमेला, म्हणजे वारा डाव्या बाजूने मागून. सोपं वाटतं, आणि म्हणूनच लोक वेळेचं गणित करत नाहीत.

मॉरिशसच्या उत्तरेचं राउंड आयलंड हे बेट रॉड्रिग्जच्या पोर्ट माथुरिन बंदरापासून ३१८ मैलांवर आहे. संध्याकाळी पाचला निघून ६ नॉटने (ताशी ६ सागरी मैल) गेलात, तर तिसऱ्या रात्री दहाला, मिट्ट काळोखात तिथे पोहोचाल. ५ नॉटने गेलात, तर चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला. हवं ते हे दुसरं. वेग मोजायचा तो जीपीएसवरचा. पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह बोटीला नकळत पुढे ढकलतो. म्हणून शीड पहिल्याच संध्याकाळी आखडा. लवकर पोहोचून शेवटच्या रात्री उजाडेपर्यंत दहा तास काढायचे म्हणून जवळजवळ सगळं शीड उतरवलं, तर शिडावर वाऱ्याचा दाबच उरत नाही आणि बोट लाटांवर लोळत राहते. झोप उडते, जेवण सांडतं, आणि दमलेल्या माणसांच्या हाती सकाळी किनारा येतो.

राउंड आयलंडनंतर मार्ग नैऋत्येला वळतो आणि वारा आडवा येतो. २० नॉटचा वारा मागून असताना डेकवर जेमतेम १६ जाणवतो, आडवा होताच २१. म्हणून वळणाआधीच आणखी एक रीफ घ्या, म्हणजे शीड आणखी एक टप्पा आखडा, वळल्यावर नाही. मोठ्या शिडाच्या बूमला (खालच्या आडव्या दांड्याला) मागच्या वाऱ्यासाठी बांधलेला प्रिव्हेंटर, म्हणजे बूम अचानक पलटू नये म्हणून लावलेला दोर, तोही तेव्हाच सोडा. राउंड आयलंड ते बंदर अजून २४ मैल, म्हणजे चार-पाच तास.

इंजिन मोकळ्या पाण्यात, शिडं वर असतानाच सुरू करून पाहा. एक्झॉस्टमधून इंजिन थंड करणारं पाणी पडतंय ना? नसेल तर इंपेलर (पाण्याच्या पंपातला रबरी पंखा) बदलायला तिथे जागा आणि वेळ दोन्ही असतात, बंदराच्या तोंडाशी नसतात. पोर्ट लुईत धक्क्याला लागायचं असतं. फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या गाद्या) आणि चार दोर आधीच काढून ठेवा, दोन्ही बाजूंना, कारण कुठली बाजू लावायला सांगतील ते आयत्या वेळी कळतं. नांगराची बांधणीही सोडून ठेवा. इंजिनाने दगा दिला तर तोच ब्रेक.

वाटेत ग्रँड बे या उपसागराचं निळं पाणी खुणावेल. थांबू नका. रॉड्रिग्ज मॉरिशसचाच भाग असला तरी तिथला निर्गमन परवाना घेऊन पोर्ट लुईत पुन्हा नोंद करावी लागते. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर बंदर नियंत्रणाला हाक द्या आणि उजव्या स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या दांडीवर) प्रवेशाची परवानगी मागणारा पिवळा झेंडा चढवा. पासपोर्ट, बोटीची कागदपत्रं आणि खलाशी-यादीच्या चार-पाच प्रती एका पिशवीत ठेवा. आरोग्य, इमिग्रेशन, कस्टम्स, प्रत्येकाला एक लागते. त्यांचे शिक्के पडेपर्यंत कुणी धक्क्यावर उतरायचं नाही, समोर आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेले मजूर जिथे उतरले ती जागा, असला तरी. मॉरिशसच्या कितीतरी मराठी घराण्यांचे पूर्वज गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून याच बंदरात उतरले.

शिक्के पडले की पिवळा झेंडा उतरवून मॉरिशसचा चढवा. लाल पट्टा वर.