विहिरीची पातळी घरात: शेवटी लोराच

विहिरीतल्या पाण्याची पातळी घरात दिसावी, एवढंच हवं होतं. अंतर साधारण चारशे मीटर, पण मध्ये उसाचा फड. ब्लूटूथचं एचसी-०५ मॉड्यूल खोलीपुरतं, ते बादच. ईएसपी८२६६ हे वायफाय मॉड्यूल स्वस्त, पण विहिरीवर वायफाय आणायचं कुठून? मग मोठ्या अँटेनाचं एनआरएफ२४एल०१ हे २.४ गिगाहर्ट्झचं रेडिओ मॉड्यूल लावलं. ऊस गुडघ्याएवढा होता तोवर चाललं, वाढला तशी पॅकेटं, म्हणजे पाठवलेले संदेश, गळायला लागली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पाल्यात विरतात. (मॉड्यूलच्या व्हीसीसी-ग्राउंड या वीजपुरवठ्याच्या पिनांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकल्यावर मॉड्यूलचं अडखळणं कमी झालं, हे मात्र खरं.)

मग लोरा घेतलं, म्हणजे कमी वेगात पण लांबवर संदेश नेणारा रेडिओ: आरएफएम९५ मॉड्यूल, ८६६ मेगाहर्ट्झवर. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना चालतो. हे मॉड्यूल ३.३ व्होल्टचं, ५ व्होल्टच्या अर्डुइनो उनो बोर्डाला थेट जोडू नका, मी ३.३ व्होल्टचा अर्डुइनो प्रो मिनी वापरला. स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती ताणून पाठवायचा ते; वाढवला की पल्ला वाढतो, वेग घटतो) १० ठेवला. वेग अगदी कमी, पण एक आकडा पाठवायला कितीसा वेग लागतो! विहिरीवरची अँटेना पत्र्याच्या पेटीबाहेर काढली, घरची गच्चीवर नेली. आता तोडणीला आलेल्या उसातूनही आकडा येतो. अँटेना न लावता मात्र मॉड्यूल चालवू नका, ट्रान्समीटर जळू शकतो.