मिनेसोटाच्या हिवाळ्यात परसातल्या कोंबड्या: नवीन आलेल्यांसाठी

ट्विन सिटीजच्या परिसरात, म्हणजे मिनियापोलिस, सेंट पॉल आणि भोवतालच्या उपनगरांत, परसात कोंबड्या पाळू इच्छिणारी मराठी कुटुंबे दर वसंतात भेटतात. शेतीच्या दुकानांत मार्च-एप्रिलमध्ये दिव्याखाली ठेवलेली पिल्ले पाहून मुले हट्ट धरतात, भेटीला आलेल्या आजी-आजोबांना गावाकडचे अंगण आठवते आणि बेत पक्का होतो. उन्हाळा सुखाचा जातो. नोव्हेंबरात बर्फ पडू लागला की त्याच कुटुंबांचे फोन सुरू होतात, आणि विचारले जाणारे प्रश्न व घडणाऱ्या चुका दरवर्षी त्याच असतात, म्हणून हे लिहून ठेवत आहे.

परवान्याविषयी थोडक्यात सांगतो. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या दोन्ही शहरांत तो लागतो, उपनगरागणिक नियम बदलतात, कोंबडा ठेवण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि घरमालकांच्या संघटनेचे नियम याहून कडक असू शकतात. शेजाऱ्यांना मात्र खुराडे बांधण्यापूर्वीच भेटावे, कारण माझ्या अनुभवात येथील माणसे तोंडावर तक्रार करत नाहीत, सरळ नगरपालिकेला कळवतात. विश्वासात घेतले तर तीच माणसे कडाक्याच्या थंडीत तुमच्या कोंबड्यांना पाणी घालायला येतात.

आता मुख्य मुद्दा. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि पिसे फुलवून ती आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा थर धरून ठेवते. जानेवारी २०१९ च्या अखेरीस मिनियापोलिसचा पारा उणे ३३ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हाही कोरड्या आणि हवेशीर खुराड्यांतल्या निरोगी कोंबड्या कोणत्याही शेगडीवाचून तरल्या. थंडी त्यांना सोसते. दमट हवा सोसत नाही. रात्रभर त्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून निघणाऱ्या वाफेला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर ती छताला आणि भिंतींना गोठून चिकटते, तुऱ्याची टोके ओली राहून हिमदंशाने काळी पडतात, आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया डोळे व फुप्फुसे बिघडवतो.

आपली माणसे नेमके उलट करतात. थंडी म्हणजे फट बुजवणे हे आपल्या मनात इतके पक्के असते की पहिल्याच बर्फाला खुराड्यावर ताडपत्री येते, फटींत चिंध्या कोंबल्या जातात, आतून थर्माकोल लावला जातो आणि तोही कोंबड्या टोचून टोचून खातात. हे करू नका. कोंबड्या दांड्यावर बसल्या असता त्यांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, वळचणीखाली, समोरासमोर झरोके ठेवा आणि ते संपूर्ण हिवाळाभर उघडे राहू द्या. मात्र बसण्याच्या उंचीवर वाऱ्याचा झोत लागता कामा नये. झरोक्यांना अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची जाड जाळी लावा, कारण साधी षटकोनी जाळी रॅकून हा येथला निशाचर प्राणी सहज फाडतो आणि मुंगसासारखा सडपातळ मिंक तिच्यातून आत शिरतो. सकाळी दार उघडल्यावर खिडकीच्या आतल्या बाजूस हिमाचा थर दिसला किंवा नाकाला झोंबले, तर हवा कमी पडत आहे असे समजावे.

यापुढचे सांगणे सर्वांत महत्त्वाचे आहे: खुराड्यात उष्णता देणारा दिवा टांगू नका. पिल्लांसाठी घेतलेला २५० वॅटचा लाल दिवा घरात असतोच, आणि उणे २५ ची रात्र आली की तो खुराड्यात नेऊन लावण्याचा मोह होतो. आत लाकडाचा भुसा, सुकी पिसे आणि सर्वत्र बसलेली धूळ असते. चिमट्याने अडकवलेला दिवा एखाद्या कोंबडीच्या उडीने निसटला की आग लागायला वेळ लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे खुराडे अशाच रात्री जळाले, सर्व कोंबड्या गेल्या आणि शेजारच्या गॅरेजची भिंतही होरपळली. ते कुटुंब अत्यंत काळजीवाहू होते आणि काळजीपोटीच तो दिवा लागला होता. शिवाय दिव्याच्या उबेची सवय लागलेल्या कोंबड्यांना वीज गेली की एकाएकी थंडीला तोंड द्यावे लागते. साखळीने घट्ट बांधला तर चालेल का, टायमर लावला तर चालेल का, फक्त एका रात्रीपुरता चालेल का, असे मला विचारले जाते. तिन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. आजारी कोंबडी असेल तर तिला तळघरात किंवा गॅरेजमध्ये वेगळे ठेवा.

त्याऐवजी बसायला चार इंच रुंदीची सपाट फळी द्या, म्हणजे कोंबडी पायांवर बसून बोटे पिसांखाली झाकू शकेल. खाली पाइनच्या लाकडी भुश्याची सहा ते आठ इंचांची गादी ठेवा, ती अधूनमधून वरखाली करा आणि ओला झालेला भाग लगेच काढा. देवदाराचा सुगंधी भुसा वापरू नये. जात निवडताना तुरा पाहावा: व्हायनडॉट, बकाय किंवा क्विबेकमध्ये थंडीसाठीच तयार केलेली शाँतेक्लेर यांचे तुरे लहान व डोक्याला चिकटलेले असतात, तर लेगहॉर्नचा मोठा तुरा येथे हमखास गोठतो.

पाण्यावर हिवाळ्यातील निम्मे कष्ट खर्च होतात. पाणी मिळाले नाही की कोंबडी दाणा खाणे सोडते, आणि रिकाम्या पोटी ती रात्र काढू शकत नाही. थर्मोस्टॅट असलेले गरम तळाचे भांडे घ्यावे, त्यासाठी बाहेर वापरण्याजोगी जाड वायर आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सॉकेट असावा. वीज नसेल तर रबराची दोन घमेली आलटूनपालटून वापरावीत, कारण रबराचे घमेले आपटून बर्फ काढता येतो. मायेने दिलेला गरम पातळ भात टाळावा. तो चोचीखालच्या लोंबत्या कातडीला लागून गोठतो. संध्याकाळी मूठभर मका पुरेसा आहे. जमीन बर्फाखाली गेल्यावर त्यांना खडे टिपता येत नाहीत, म्हणून बारीक खडी आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाट्यांत ठेवावा.

अंडी कमी होतील. डिसेंबरात येथे दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो आणि नियमित अंड्यांसाठी सुमारे चौदा तास उजेड लागतो. वसंतात आणलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, बहुधा पहिल्या हिवाळ्यात घालत राहतात. पुढच्या वर्षापासून पिसे गळण्याचा काळ आला की त्या थांबतात. उजेड वाढवायचाच असेल तर लहानसा एलईडी दिवा टायमरवर पहाटे लावावा, संध्याकाळी लावू नये, कारण तो अचानक विझला की कोंबड्या अंधारात दांड्यावर चढू शकत नाहीत. मी स्वतः लावत नाही. त्यांना विश्रांती मिळावी असे मला वाटते.

भारताच्या वारीचा विचार मात्र पिल्ले आणण्यापूर्वीच करावा. आपण नेमके डिसेंबरात तीन-चार आठवडे जातो, आणि दिवसातून दोनदा खुराड्याकडे जाणारा माणूस तेव्हाच लागतो. त्याला जाण्याआधी सलग काही दिवस बरोबर घेऊन सर्व दाखवावे, अंडी त्यालाच द्यावीत, आणि फाटकाजवळचा बर्फ कोण उपसणार हेही ठरवून जावे. परतताना विमानतळावर शेतावर गेला होतात का, असे विचारले तर खरे सांगावे. गावी कोंबड्यांच्या आसपास वावरलेली पादत्राणे परसात आणू नयेत आणि परतल्यावर पहिले काही दिवस खुराड्याचे काम त्या माणसाकडेच राहू द्यावे, कारण मानमोडीसारखा (राणीखेत) कोंबड्यांचा साथीचा रोग बुटांवरून येऊ शकतो आणि त्याची झळ तुमच्या चार कोंबड्यांपुरती राहणार नाही. टर्कीपालनावर जगणारी असंख्य कुटुंबे याच राज्यात आहेत.