धुळे-नंदुरबारकडे डाइक कसा ओळखायचा

माळरानावर सरळ रेषेत गेलेला काळ्या दगडांचा अरुंद कणा दिसला, तर तो बहुधा डाइक: सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी बेसॉल्टच्या थरांना पडलेल्या भेगांत थिजलेला शिलारस. आधी होकायंत्र लावा. इथले बरेचसे डाइक साधारण पूर्व-पश्चिम धावतात. मग भेगा बघा, खरी खूण तीच. या भेगांमुळे दगडाचे खांब पडतात: थरांमध्ये उभे, डाइकमध्ये आडवे, रचलेल्या सरपणासारखे. हातोड्याने कडेचा आणि मधला तुकडा काढा. कडेचा चटकन थंडावलेला, म्हणून बारीक कणांचा. वरचा कुजलेला तपकिरी भाग फोडून ताजा दगड बघा, नाहीतर हमखास फसाल. विहीर खोदायची असेल तर भूजल ज्या बाजूने येतं, डाइकची ती बाजू धरा. डाइक अखंड असेल तर पाणी तिथे अडतं, भेगाळलेला असेल तर पलीकडे झिरपून जातं.