राहून आलेल्या बर्लिनला पुन्हा जाताना

परदेशात काही वर्षं काढून नागपूरला परतलेल्या माणसानं पुन्हा त्याच शहराचं तिकीट काढलं की घरचे हमखास विचारतात, "एवढा पैसा घालून परत तिथंच? पॅरिस तरी पाहून ये." मला बर्लिन पाहायचं नसतं. मला तिथे मंगळवारी भाजी आणायची असते, कालव्याच्या काठानं पिशवी सांभाळत घरी यायचं असतं. तुमचाही असा कुठल्या शहरावर जीव असेल, तर सहल प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून आखू नका, तिथल्या तुमच्या जुन्या दिनक्रमावरून आखा. मला बर्लिन माहीत आहे, म्हणून त्याच्याबद्दलच सांगते.

कागदपत्रांचं आधी उरकून घेऊ. तिथला राहण्याचा परवाना संपला असेल तर आता तुम्ही इतर कोणाही प्रवाशासारखेच. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा तारीख ठरली की लगेच कामाला लागा.

महिना शक्यतो जून निवडा. नागपूर नवतप्यात भाजून निघालेलं असतं, आणि तिकडे सूर्य रात्री साडेनऊला मावळत असतो. पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे शतावरीच्या कोंबांच्या भाजीचा, हंगामही २४ जूनपर्यंत असतो. पुढे जुलैत शाळांना सुट्ट्या लागल्या की ओळखीचे निम्मे लोक शहराबाहेर. भेटीगाठी मात्र नागपुरातूनच ठरवून निघा. "आलेय गं, संध्याकाळी येते" हे आपल्याकडे धरमपेठेत चालतं. जर्मन मैत्रिणीला तीन-चार आठवडे आधी वार आणि वेळ कळवा. तिनं वेळ दिली म्हणजे ती संध्याकाळ तिनं खरोखर तुमच्यासाठी राखलेली असते, त्याचा मान ठेवा.

नागपूरहून काय न्यायचं, हा नाजूक प्रश्न. संत्री नेता येत नाहीत. युरोपीय संघात बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. संत्रा बर्फीही नाही, कारण तिच्यात खवा असतो आणि दुधाचे पदार्थ सामानात चालत नाहीत. सावजी मसाला आणि कुरडया न्या. एका संध्याकाळी तिथल्या स्वयंपाकघरात रस्सा करून वाढलात, तर डब्यातल्या बर्फीपेक्षा ते जास्त दिवस लक्षात राहील.

म्हणूनच खोली स्वयंपाकघर असलेली हवी. आणि जुन्या गल्लीत नको, चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवी. मी बर्लिनच्या नॉयकोल्न भागात राहायचे. आता कालव्याच्या पलीकडे, क्रॉइत्सबर्गमध्ये उतरते. जुन्या घराच्या दारात राहिलं की प्रत्येक येण्याजाण्यात गेलेलं मोजत बसतो आपण. थोडं लांब राहिलं की तिथं जायचं असेल तेव्हाच जातो.

शहर तुमच्यासाठी थांबलेलं नसतं, हेही आधीच माहीत करून घ्या. तेगेलचा छोटासा, लाडका विमानतळ २०२० साली बंद झाला. आता बीईआर या नव्या विमानतळावर उतरायचं. तो तिकिटांच्या 'सी' विभागात येतो, म्हणून तिथून ए, बी, सी या तिन्ही विभागांचं एबीसी तिकीट काढा. शहरात फिरायला एबी पुरतं. फलाटावरच्या यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटावर चढण्याआधी शिक्का मारून घ्यायची सवय विसरला असाल तर पहिल्याच दिवशी आठवा, कारण तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि दंड ६० युरो. पेर्गामॉन संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद आहे, त्याची आशा धरू नका. पण त्याच परिसरात, यू-५ या भुयारी रेल्वेच्या मार्गावर २०२१ साली म्युझियम्सइन्झेल हे नवं स्थानक उघडलं. त्याचं छत गडद निळं आहे आणि त्यात ६,६६२ दिवे ताऱ्यांसारखे लावलेत. आपल्या माघारी शहरानं काहीतरी सुंदर केलं, याचा मला फार आनंद झाला. तुम्हीही तुमच्या शहरात अशी एक तरी नवी जागा शोधा, नाहीतर सगळा प्रवास हळहळण्यात जातो.

आता मंगळवार. नोकरी होती तेव्हा मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावरचा तुर्की बाजार माझ्या वाट्याला क्वचितच यायचा, कारण तो मंगळवारी आणि शुक्रवारी, कामाच्या वेळेत भरतो. पाहुणा म्हणून जाण्याचं खरं सुख हेच, की कामाचा दिवस तुमचा असतो. साडेपाचच्या सुमारास जा. आवराआवर सुरू होते, भाव उतरतात, "आइन ऑयरो, आइन ऑयरो" (एक युरो, एक युरो) असा पुकारा सुरू होतो आणि गोकुळपेठच्या बाजारात सायंकाळी उभं राहिल्यासारखं वाटतं. कोथिंबिरीची मोठी जुडी, ऑलिव्ह, गरम ग्योत्स्लेमे (सारण भरलेली तुर्की पोळी) घ्या आणि कालव्याच्या काठावर बसून खा.

रिकाम्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या दाराजवळच्या यंत्रात बाटली तळाकडून आडवी सरकवायची. ती आत गरगर फिरते, यंत्र तिच्यावरची खूण वाचतं, रक्कम पडद्यावर वाढत जाते. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची. हातांना हे सगळं न सांगता आठवतं.

जुन्या घरी जायचंच, पण तीन-चार दिवस शहरात रुळल्यावर. समोरच्या फुटपाथवर थांबा. घंटेच्या पाटीवर तुमच्या आडनावाच्या जागी दुसरं आडनाव असेल. ते वाचा, घंटा वाजवू नका. आता ते त्यांचं घर आहे. मग कोपऱ्यावरच्या श्पेटीत, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, जाऊन काहीतरी थंड घ्या. दुकानदारानं ओळखलं तर उत्तम.

रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद, म्हणून तो दिवस टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळाच्या मैदानाला द्या. २००८ साली विमानतळ बंद झाला, २०१० साली मैदान लोकांना खुलं झालं, आणि २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी तिथे बांधकाम नको असा कौल दिला. धावपट्टीवर सायकली, पतंग, चाकांचे बूट. संध्याकाळी भरपूर चाला.

परतीचं विमान सोमवारचं असेल तर खरेदी शनिवारीच उरका. राईचा पाव मात्र रविवारी सकाळी घ्या; बेकऱ्या तेव्हा काही तास उघड्या असतात, आणि अख्खा, न कापलेला पाव घेतलात तर नागपूरला पोचल्यावरही तो चांगला राहतो.