दमट हवेत टिकणारं स्वस्त हेअर वॅक्स, क्ले किंवा जेल कसं निवडावं आणि कसं लावावं

अडीचशे रुपयांची डबी आणायची, दोनदा लावायची, केस तेलकट होऊन चप्पट बसले की ती फळीवर मागे सरकवायची आणि पुढच्या पगाराला दुसरी आणायची. ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी हे चालू असतं. अशा बऱ्याचशा डब्यांमध्ये काही दोष नसतो, दोष लावण्यात असतो. 'जरा महागातलं घे, टिकेल' हा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. चुकीच्या ओलाव्यावर आणि चुकीच्या जागी लावलेलं बाराशेचं वॅक्सही तासाभरात बसतं.

दुसरी अडचण हवेची. बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी बनवलेले असतात. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज जाते आणि मे महिन्यात घामच थांबत नाही. त्यामुळे निवड आणि पारख दोन्ही इथल्या हवेप्रमाणे करावी लागते.

पायरी 1: आधी आपले केस ओळखा

केस पातळ आणि सरळ असतील तर क्ले किंवा स्टायलिंग पावडर घ्या. जाड, ताठ, बसता न बसणाऱ्या केसांना वॅक्स किंवा पाण्यात धुऊन निघणारं पोमेड (केस बसवून चमक देणारा मलमासारखा लेप) लागतं. कुरळ्या केसांना क्रीम किंवा हलकं जेल पुरतं. टाळू दिसायला लागली असेल तर ओलसर चमक देणारं जेल अजिबात नको, कारण ते केसांच्या जाड बटा करतं आणि मधली मोकळी जागा आणखी उघडी पडते. तिथे मॅट, म्हणजे बिनचमकीचा फिनिशच हवा. दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड केसांना काहीच लावायची गरज नसते, पैसे वाचवा.

पायरी 2: डबी उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेल्या 'अल्ट्रा होल्ड'कडे आणि होल्डच्या, म्हणजे केस धरून ठेवण्याच्या ताकदीच्या, आकड्याकडे लक्ष देऊ नका. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या मापाने देते. एकीचा 5 आणि दुसरीचा 5 यांची तुलना होत नाही.

खरी माहिती मागच्या घटकांच्या यादीत असते. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहावे लागतात, म्हणून पहिली पाच-सहा नावं वाचली तरी डबीत काय आहे ते कळतं. पहिलं नाव ॲक्वा किंवा वॉटर असेल तर माल बहुधा सहज धुऊन निघणारा आहे. पेट्रोलॅटम, मिनरल ऑइल, पॅराफिन अशी नावं सर्वांत वर असतील तर तो तेलाच्या बेसचा आहे: घामाला दाद देत नाही, पण एका शॅम्पूत निघतही नाही. केओलिन किंवा बेंटोनाइट सुरुवातीच्या नावांत असेल तर क्ले खरोखर क्ले आहे. ही माती तेल शोषते आणि केस मॅट दिसतात. तेच नाव यादीच्या शेपटाला असेल तर क्ले हा शब्द फक्त झाकणावर आहे असं समजा.

आपल्या हवेसाठी एक गोष्ट मुद्दाम बघायची. ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल तर जून ते सप्टेंबर ती डबी घेऊ नका. हे घटक हवेतला ओलावा ओढतात. कोरड्या हवेत त्याने केस मऊ राहतात, आपल्याकडे चिकट होतात. जेलमध्ये केस कडक धरण्यासाठी असणारं पीव्हीपीही ओलावा धरतं. सकाळी कडक बसलेलं स्वस्त जेल दुपारी हाताला चिकटायला लागतं ते बऱ्याचदा यामुळेच.

उत्पादन परवाना क्रमांक (परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांक), बॅच नंबर आणि वापराची मुदत यांतलं एक जरी छापलेलं नसेल तर डबी परत ठेवा, मग ती कितीही स्वस्त असो. उघड्या डबीच्या चित्रात 12 एम लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून 12 महिने.

किंमत ग्रॅमवर काढा. 100 ग्रॅमची डबी 250 रुपयांना म्हणजे ग्रॅमला अडीच रुपये. 40 ग्रॅमची 180 रुपयांना म्हणजे साडेचार. नीट लावलं तर मध्यम लांबीच्या केसांना एका वेळी साधारण एक ग्रॅम पुरतं. तरीही पहिली खरेदी लहान पॅकचीच करा, ग्रॅमला महाग पडली तरी. सेट वेटचं जेल आणि गॅट्सबीचं वॅक्स छोट्या आकारात मिळतं. डीमार्ट, वाशीचं सेक्टर 17, जांभळी नाक्याच्या आसपासची कॉस्मेटिकची दुकानं, कुठेही बघा.

त्याहून स्वस्त वाट सलूनची. केस कापून झाल्यावर 'दादा, थोडं क्ले लावून द्या ना' म्हटलं की बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. डबीचं नाव बघून ठेवा आणि दिवसभर केसांकडे लक्ष द्या.

पायरी 3: कानामागे चाचणी

कानाच्या मागे किंचित लावून 24 ते 48 तास थांबा. खाज, लाली नाही तर पुढे जा.

पायरी 4: केस धुवा

त्या दिवशी तेल नको. कंडिशनर लावलाच तर फक्त टोकांना.

पायरी 5: लावणं

सगळा घोळ इथे होतो. ही पायरी जमली की दीडशे रुपयांचा मालही काम करतो.

आधी ओलावा. पाण्याने केसांमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा बांधले जातात. म्हणजे केसांना आकार वाळवताना मिळतो. वॅक्स किंवा क्ले तो आकार फक्त धरून ठेवतं. ओल्या केसांवर थेट वॅक्स लावलं तर ते पाण्यावर घसरतं, केसाला धरत नाही, त्याच्या बटा होतात आणि सगळं तेलकट दिसतं. 'हे वॅक्स तेलकट आहे' ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. उलट पूर्ण कोरड्या केसांवर क्ले पसरत नाही, एकाच जागी गुठळी बसते. योग्य वेळ ओळखायची खूण अशी: वरचे केस हाताला कोरडे लागतात, बोटं मुळांपर्यंत नेली की किंचित गारवा जाणवतो आणि कंगव्याला पाणी येत नाही. वॅक्स, क्ले आणि पोमेड याच वेळी. जेल आणि कुरळ्या केसांचं क्रीम मात्र ओल्या केसांवरच लावायचं. पावडर ठणठणीत कोरड्या केसांवर, मुळांशी दोन-तीन वेळा टिचकी मारून, श्वास रोखून.

हे सगळं बाथरूममध्ये करू नका. आंघोळीनंतर तिथे वाफ कोंडलेली असते आणि तुम्ही वाळवताय तेवढा ओलावा केस परत घेतात. हॉलमध्ये पंख्याखाली या, घाम थांबू द्या. ड्रायर असेल तर मध्यम उष्णता, पंधरा सेंटिमीटरचं अंतर, केस ज्या बाजूला बसवायचे त्याच्या उलट दिशेने बोटांनी मुळं उचलत वाळवायचं. शेवटचा अर्धा मिनिट गार हवा. ड्रायर नसेल तर पंख्याखाली डोकं खाली करून बोटं फिरवत राहा. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. पैसे मोजकेच असतील तर दुसरी-तिसरी डबी घेण्यापेक्षा साधा ड्रायर घ्या, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रमाण. अंगठ्याच्या नखाच्या मागच्या बाजूने डबीतून खरवडून घ्या. बोट बुडवलं की नेहमी जास्त येतं. पाच-सहा सेंटिमीटर लांबीच्या केसांना मटाराच्या दाण्याएवढं पुरतं आणि तेही दोन भागांत घ्यायचं: आधी निम्मं, मग गरज वाटली तर उरलेलं. कमी लावलेलं वाढवता येतं. जास्त झालेलं धुतल्याशिवाय निघत नाही. पाण्याचा हात फिरवून ते 'सेट' करायचा प्रयत्न तर करूच नका, आणखी चप्पट होतं. कोरड्या टॉवेलने दाबून जेवढं टिपता येईल तेवढं टिपा.

मग तळवे. दहा-पंधरा सेकंद घासा, बोटांच्या बेचक्यांतही जाऊ द्या. तळहातावर एकही पांढरी रेघ किंवा कण दिसता कामा नये, नुसता पातळ थर राहिला पाहिजे. तळहातावर जे दिसतं तेच नंतर केसांवर दिसतं. क्ले वॅक्सपेक्षा घट्ट असतं, त्याला जास्त वेळ द्या. एसी खोलीत ठेवलेली क्लेची डबी सकाळी आणखी घट्ट लागते.

आणि क्रम. जवळजवळ सगळे पुढच्या केसांपासून सुरुवात करतात, आणि तिथेच काम बिघडतं. हातावर सर्वांत जास्त माल असतो तेव्हा तो कपाळावरच्या केसांवर जातो. तिथेच घाम सर्वांत आधी येतो आणि तेच केस सर्वांत आधी पडतात. सुरुवात डोक्याच्या मागच्या भोवऱ्यापासून करा, मग मधला भाग, मग बाजू. हातावर जे नाममात्र उरेल ते शेवटी पुढच्या केसांना. हात वरवर फिरवायचा नाही. बोटं उभी धरून मुळांपर्यंत न्यायची, तिथे डावी-उजवीकडे हलवायची आणि मग वर ओढत बाहेर काढायची. भोवऱ्याचे केस मूळच्या दिशेविरुद्ध बसवायला जाऊ नका, कुठलंही स्वस्त वॅक्स तिथे हरतं. ते ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने बसवा. भांग पाडायचा असेल तर माल सगळीकडे पसरल्यानंतरच कंगवा घ्या.

जेलबद्दल वेगळी सूचना: एकदा वाळलं की त्याला हात लावायचा नाही आणि वरून दुसरा थर द्यायचा नाही. वाळलेला पापुद्रा तुटून पांढरे कण पडतात आणि काळ्या शर्टवर तो कोंडा वाटतो.

पायरी 6: दिवसभराची पारख

रविवारी घरी बसून केलेली चाचणी निरुपयोगी आहे. कामाच्या दिवशीच बघा. एकेक वस्तू किमान तीन दिवस, मध्ये दुसरं काही न मिसळता. दोन गोष्टी एकत्र लावल्या तर बिघडलं कशाने ते कळत नाही.

चार वेळा आरशात बघायचं. लावल्यानंतर दहा मिनिटांनी: चमक आणि कण. ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकलच्या 9-10 नंबरच्या फलाटावर उभं राहून, गर्दीच्या डब्यातून ऑफिसला उतरल्यावर: पुढचे केस कपाळाला चिकटले का. दुपारी दोनच्या सुमारास: हाताला चिकट लागतात का, मुळं अजून उभी आहेत का. ऐरोलीतल्या एसी ऑफिसमध्ये बसणाऱ्याला इथे जेल ठीक वाटेल. फिरतीच्या कामावर असणाऱ्याला तेच जेल सांगणार नाही. चौथी वेळ रात्री, धुताना.

घोडबंदर रोडवरून किंवा पामबीचवरून रोज दुचाकीने जाणाऱ्यांनी जेलचा नाद सोडावा. हेल्मेटखाली त्याचा थर मोडतो आणि मोडलेला थर पुन्हा बसत नाही. वॅक्स आणि क्ले वाळून कडक होत नाहीत, त्यामुळे हेल्मेट काढल्यावर बोटांनी मुळं उचलली की केस बरेचसे परत येतात. हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी घाला, घाम ती शोषते. डबी गाडीच्या डिकीत मात्र ठेवायची नाही. उन्हात वॅक्स पातळ होऊन तेल वेगळं सुटतं आणि नंतर थंड झालं तरी ते एकसारखं होत नाही.

पायरी 7: रात्री काढून टाकणं

पाण्यात निघणाऱ्या मालाला एक शॅम्पू पुरतो. तेलाच्या बेसच्या वॅक्सवर आधी पाणी ओतू नका. कोरड्या केसांवरच कंडिशनर किंवा थोडं खोबरेल चोळा, दोन-तीन मिनिटं थांबा, त्यावरच शॅम्पू घासा आणि मग पाणी घ्या. त्यानंतर दुसरा शॅम्पू. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी येत असेल तर फेस कमी होतो आणि केसांवर थर राहतो. शॅम्पू वाढवण्यापेक्षा शेवटचा एक मग आरओ फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

लावलेलं तसंच ठेवून झोपू नका. उशीचा अभ्रा चेहऱ्याला लागतो आणि कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुरळ उठतं. तेलकट वॅक्सचं हे नेहमीचं लक्षण आहे. वस्तू आठवडाभर बंद करून बघा. कोंडा असणाऱ्यांनी तेलाच्या बेसपासून लांबच राहावं, कारण कोंड्याशी संबंधित मॅलेसेझिया ही बुरशी टाळूवरच्या स्निग्धतेवरच जगते. पुरळ किंवा खाज आठवड्यानंतरही राहिली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना डबी सोबत न्या, मागची घटकांची यादी त्यांना वाचता आली पाहिजे.