इंजिन रूमची नोकरी : कागदांतल्या या चुका टाळा

बडोद्याला समुद्र नाही, तरी मकरपुरा जीआयडीसीत फिटरकी करणारी आपली पोरं जहाजाची चौकशी करत असतातच. कारखान्यातली वर्षं सी-सर्व्हिसमध्ये, म्हणजे जहाजावर केलेल्या सेवेत, धरली जातील, हा पहिला गैरसमज. धरत नाहीत. दहावीनंतर सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स हा खलाशाचा (रेटिंगचा) रस्ता. मेकॅनिकलची पदवी असेल, तर जीएमई हा पदवीधरांचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स करून पुढे एमईओ क्लास फोरची, म्हणजे जहाजावरच्या इंजिनिअर अधिकाऱ्याची पहिली परीक्षा. पदवी हातात असताना घाईने रेटिंगला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं जहाज वाहतूक महासंचालनालय) मान्यताप्राप्त डॉक्टरकडे मेडिकल करा. रंग ओळखण्याची तपासणी इंजिनवाल्यांचीही होते, आणि ती कोर्स झाल्यावर अडली तर पैसे गेलेच म्हणायचे.

आता नाव. बडोद्याच्या मराठी घरांत हा घोळ हमखास! गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वडिलांच्या नावाला शाळेने चिकटवलेलं ‘भाई’, आजोबांच्या काळापासून चालत आलेलं ‘राव’, आणि पासपोर्टवर यातलं काहीच नाही. इंडोस नंबर, म्हणजे खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक, आयुष्यभराचा असतो. जहाजावरच्या सेवेची नोंद होते ती पुस्तिका, सीडीसी, हीही त्याच नावावर निघते. म्हणून अर्ज करण्याआधी दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

सर्वांत महाग पडते ती सी-सर्व्हिसच्या पत्रातली चूक. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३/४ नियमाप्रमाणे रेटिंगला वॉचकीपिंगसाठी, म्हणजे इंजिन रूममधल्या पाळीच्या पहाऱ्यासाठी, सहा महिन्यांची सागरी सेवा लागते. मान्य प्रशिक्षण झालं असेल, तर किमान दोन महिने. पण ती सेवा देखरेखीखाली इंजिन रूमच्या वॉचशी जोडलेली हवी. नुसतं रंगकाम करून काढलेले महिने चालत नाहीत. शिवाय इंजिनवाल्यांचा हिशेब टनेजवर (जहाजाच्या आकारमानावर) नाही, मुख्य इंजिनाच्या किलोवॉटवर, म्हणजे ताकदीवर, होतो. हा नियम ७५० किलोवॉट आणि त्यावरच्या जहाजांचा. पत्रात किलोवॉटचा आकडा आणि वॉचचा उल्लेख आहे ना, हे जहाजावरून उतरण्याआधी बघा. नंतर चीफ इंजिनिअरची सही मिळवणं म्हणजे कंपनीला मेलवर मेल.

एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करण्याचा, परवाना नसेल, तर पुढे बोलूच नका. परवाना असलेल्यालाही नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत.

टँकरवर जायचं असेल, तर तेल-रसायनाचा आणि गॅसचा बेसिक कोर्स वेगवेगळा. एकावर दुसरं भागत नाही. जीव वाचवण्याचं आणि आग विझवण्याचं प्रशिक्षण दर पाच वर्षांनी ताजं करावं लागतं, मेडिकल दोन वर्षं चालतं. नऊ महिन्यांचा करार करताना या तारखा करार संपेपर्यंत पुरतात का, तेवढं मोजून घ्या.