सॅन अँटोनिओ पाहताना या चुका टाळा

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात राहायला येऊन मला सोळा वर्षे झाली, आणि डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनहून येथे येणाऱ्या मराठी पाहुण्यांची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. पाहुणे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. अलामो या लढाईसाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्या मिशनसमोर एक फोटो, रिव्हर वॉक या नदीकाठच्या वाटेपाशी एक बोटफेरी, तेथल्याच पहिल्या उपाहारगृहात जेवण, आणि वेळ उरलाच तर परतताना बाकीची मिशन, म्हणजे जुन्या स्पॅनिश धर्मवसाहती, असा हा ठरलेला कार्यक्रम असतो. वेळ कधीच उरत नाही. परिणामी ज्या नदीच्या पाण्यावर १७१८ पासून हे शहर वाढले, तिचा अर्ध्या तासात चालून होणारा तुकडा पाहून लोक संपूर्ण शहराविषयी मत बनवतात.

मिशन शेवटी ठेवणे ही या सगळ्यांतली सर्वांत मोठी चूक आहे. स्थानिक कोआविल्तेकन टोळ्यांना ख्रिस्ती करून तटबंदीच्या आत वसवण्यासाठी स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी उभारलेल्या या वसाहती होत. त्यांत चर्चखेरीज राहण्याच्या खोल्या, धान्याचे कोठार, कामशाळा, शेती आणि त्या शेतीला नदीचे पाणी पोचवणारे पाट होते. देवी आणि गोवराच्या साथींनी याच भिंतींच्या आत असंख्य माणसे दगावली. यांपैकी अलामो १७१८ चे, सॅन होसे १७२० चे, आणि कन्सेप्सिओन, सॅन हुआन व एस्पादा ही तीन १७३१ साली, म्हणजे चिमाजीअप्पांनी वसई घेण्याच्या आठ वर्षे आधी, पूर्व टेक्सासमधून येथे हलवलेली. २०१५ साली युनेस्कोने या पाचही मिशनांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, आणि टेक्सासमध्ये तो मान दुसऱ्या कोणत्याही स्थळाला नाही. तरीही लोक ती जाता जाता उरकायला निघतात.

माझा मावसभाऊ याच पद्धतीने एका जुलैत सहकुटुंब, सासूसासऱ्यांना घेऊन आला. डॅलसहून अंतर सुमारे पावणेतीनशे मैल. त्यात सकाळी नाश्ता करून निघणे झाले आणि ऑस्टिनपाशी महामार्गावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. पोचायला दुपारचे साडेतीन वाजले. ऊन अडतीस अंशांचे. मी फोनवर सांगत होते की आज फक्त मिशन पाहा आणि रात्री शहरात थांबा. पण त्याने कुठलीशी ‘एका दिवसात दहा ठिकाणे’ अशी यादी पाठ केली होती आणि तिच्यात अलामो पहिल्या क्रमांकावर होते. अलामो झाले, बोट झाली, आइस्क्रीम झाले, आणि पाच वाजून पाच मिनिटांनी सगळे सॅन होसेच्या बंद दारासमोर उभे राहिले, कारण मिशनांचे दरवाजे पाच वाजता बंद होतात. सासऱ्यांनी भिंतीवरून दिसणाऱ्या मनोऱ्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर मावसभावाचा अभिप्राय आला, की सॅन अँटोनिओत एका दिवसाचेही पाहण्यासारखे काही नाही. त्यावर मी अजून उत्तर दिलेले नाही.

मी स्वतः पाहुण्यांना उलट्या क्रमाने नेते. सकाळी दार उघडण्याच्या वेळी सर्वांत दूरचे, शहराच्या मध्यापासून सुमारे दहा मैल दक्षिणेला असलेले एस्पादा, आणि मग नदीच्या प्रवाहाविरुद्ध शहराकडे परत. एस्पादाच्या पाटाचे पाणी एक ओढा ओलांडण्यासाठी ज्या दगडी कमानींवरून जाते, त्या १७४५ च्या सुमारास बांधल्या गेल्या आणि त्यांवरून आजही पाणी वाहते. पाहुण्यांना मी प्रथम तेथेच उभे करते, कारण ते पाणी पाहिल्यावर पुढचे काही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सॅन हुआनला अर्धा तास पुरतो. सॅन होसेला दोन तास हवेत: तटाला लागून असलेल्या राहण्याच्या खोल्या, पिठाची चक्की, आणि ‘रोझ विंडो’ या नावाने प्रसिद्ध असलेली कोरीव दगडी खिडकी तेथे आहे, मात्र येथला बराचसा भाग १९३० च्या दशकातील पुनर्बांधणीचा आहे, हे ध्यानात ठेवावे. त्याउलट कन्सेप्सिओनचे १७५५ साली पूर्ण झालेले चर्च कधी पडलेच नाही, आणि त्याच्या लगतच्या एका खोलीत मान वर केली तर छतावर रंगवलेला, माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य दिसतो. बहुतेक जण मान वर करत नाहीत.

या चारही ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. येथली चर्च आजही परिसरातील लोकांची प्रार्थनास्थळे आहेत, त्यामुळे रविवारी मिस्सा चालू असताना कॅमेरा घेऊन आत फिरू नये. ‘चारांपैकी कोणते एकच पाहू?’ हा प्रश्न मला मुळीच आवडत नाही. पण उत्तर द्यायचेच झाले तर सॅन होसे. २०१३ साली पूर्ण झालेल्या नदीकाठच्या आठ मैलांच्या वाटेवरून ही मिशन सायकलनेही पाहता येतात, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये हा उत्साह आवरावा.

दुसरी चूक अलामोविषयीच्या अपेक्षेची. राजगड, रायगड चढलेल्या माणसाला ‘लढाईचा किल्ला’ असे सांगून अलामोसमोर नेले, की तो इकडेतिकडे पाहून किल्ला कुठे आहे असे विचारतो. मावसभावाच्या सासऱ्यांनीही तेच विचारले. त्यात त्यांचा दोष नव्हता. टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धात २३ फेब्रुवारी ते ६ मार्च १८३६ असे तेरा दिवस सांता आन्नाच्या मेक्सिकन सैन्याने वेढलेले मूळ आवार पुष्कळ मोठे होते आणि त्याचा बराचसा भाग आज रस्त्यांखाली व चौकाखाली गेला आहे. समोर दिसते ते केवळ चर्च. लढाईच्या वेळी त्या चर्चला छप्परही नव्हते, आणि ज्या गोलाईदार माथ्यावरून जग अलामोला ओळखते, तो अमेरिकन सैन्याने १८५० साली चढवला. अलामो लढवताना मारले गेलेले ट्रॅव्हिस, बोवी आणि क्रॉकेट यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. म्हणून चर्चकडे धावण्याआधी ‘लाँग बॅरक’ नावाची जुनी लांबट इमारत पाहावी आणि मूळ तट कुठून कुठे जात होता ते समजून घेऊन चौकात चालावे; त्यानंतर चर्चमध्ये जावे, आणि जाताना टोपी काढावी. चर्चचा प्रवेश विनामूल्य असला तरी वेळ आधी नोंदवावी लागते. दाराशी जाऊन बघू, असे म्हणणाऱ्यांना मी सोबत करत नाही.

आता जेवणाकडे वळू, कारण या बाबतीत एक चूक माझ्या स्वतःच्या नावावर जमा आहे. माझी आत्या माळकरी. ती आली तेव्हा मला या शहरात येऊन जेमतेम वर्ष झाले होते, आणि बीन्स, भात व चीज म्हणजे शाकाहार, अशी माझी भाबडी समजूत होती. तीन दिवस मी तिला निरनिराळ्या मेक्सिकन उपाहारगृहांत बीन्सचे टाको, लाल भात आणि चीज एन्चिलाडा खाऊ घातले, आणि घेवड्याच्या उसळीसारखेच लागते म्हणून तिने बीन्सचे कौतुकही केले. चौथ्या दिवशी मेक्सिकन वंशाच्या आमच्या शेजारणीने सहज सांगितले, की घोटलेले बीन्स पारंपरिक रीतीने डुकराच्या चरबीवर परततात, मैद्याच्या तोर्तियात म्हणजे पोळीतही ती अनेकदा असते, भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवण्याची पद्धत आहे, आणि चीज एन्चिलाडावरच्या लाल रश्श्यात बहुधा गोमांस असते. आत्या मला काहीच बोलली नाही. तिने दोन दिवस उपास केला, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी एका उपाहारगृहात वाढायला आलेल्या मुलीला स्वतःच विचारले, ‘मान्तेका?’

चरबीला स्पॅनिशमध्ये मान्तेका म्हणतात. तेव्हापासून हा शब्द मी प्रत्येक शाकाहारी पाहुण्याला पहिल्या दिवशी पाठ करायला लावते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण चरबी आणि रस्सा यांना कोणी मांस समजत नाही. भात, बीन्स, तोर्तिया आणि रस्सा यांविषयी चार वेगळे प्रश्न विचारावे लागतात. मी स्वतः मक्याची तोर्तिया, ग्वाकामोले, निवडुंगाच्या पानांची म्हणजे नोपालेसची भाजी, आणि अंडे चालत असेल त्यांच्यासाठी सकाळचा बटाटा-अंड्याचा टाको मागवते. मात्र तोही कशावर परतला आहे ते विचारूनच.

येथला खास पदार्थ म्हणजे पफी टाको. मक्याच्या कच्च्या पिठाची पोळी तेलात सोडली की पुरीसारखी फुगते, आणि सारण भरल्यावर ती पुरीसारखीच काही मिनिटांत बसते. तो पार्सल नेणाऱ्यांना काय म्हणावे हे मला कळत नाही. चाळीस मिनिटांनी हॉटेलच्या खोलीत तेलकट चिंधी खाऊन ‘यात विशेष काय’ असे विचारण्यात अर्थ नाही. तो कढईसमोरच्या पुरीच्या घाईने, तेथेच बसून खावा. त्यासाठी नदीकाठ सोडून शहराच्या पश्चिमेला जावे. रेज ड्राइव्ह इन हे नाव तेथे १९५६ पासून आहे.

नदीकाठी जेवूच नये असे माझे म्हणणे नाही. तेथे मुख्यतः जागेचे पैसे घेतात, हे समजून जेवावे. सकाळी आठच्या आधी रिव्हर वॉकवर चालावे. १९२१ च्या भीषण पुरानंतर नदीचे हे वळण बुजवण्याचा विचार झाला होता, ते नागरिकांच्या विरोधामुळे वाचले, आणि रॉबर्ट हगमन या वास्तुविशारदाच्या कल्पनेप्रमाणे १९३९ ते १९४१ या काळात तेथे पायवाटा व पूल झाले, ही हकिकत गर्दीत उमजत नाही. ही वाट रस्त्यापेक्षा एक मजला खाली आहे, त्यामुळे फोनवरील नकाशा तुम्हाला बरोबर ठिकाणी, पण चुकीच्या मजल्यावर पोचवतो; जवळचा जिना शोधावा.

किरकोळ चुका अशा. एप्रिलमधील फिएस्टा या शहराच्या उत्सवाच्या दिवसांत खोली आधी न घेता येऊ नये. बिलावर सव्वाआठ टक्के कर आणि त्याशिवाय अठरा ते वीस टक्के टिप धरूनच बजेट करावे. मिशनांपाशी गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नये. जपानी टी गार्डन विनामूल्य आहे म्हणून कमअस्सल समजू नये. जुन्या खाणीत फुलवलेली ती बाग उन्हाच्या वेळी मोठा आसरा आहे. आणि अंधार पडताच परत निघू नये: सॅन फर्नांडो कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर ठरावीक वारी रात्री शहराचा इतिहास प्रकाशचित्रांतून दाखवतात, तो चौकात उभे राहून फुकट पाहता येतो. वार आधी तपासावा. मावसभावाची गाडी त्या रात्री, खेळ सुरू होईपर्यंत, ऑस्टिनच्या कोंडीत परत अडकली होती.